प्रिन्सेस स्ट्रीटचा सर्जिकल बाजार: यंत्र तपासा, बिलही तपासा

घरी वापरायचं वैद्यकीय उपकरण घ्यायचं असेल तर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला अजूनही तोड नाही. बीपी मशीन, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, शिवाय त्यांचे कफ, मास्क, नळ्या, फिल्टर असं सगळं एका रस्त्यावर मिळतं. घासाघीस केली तर भाव ऑनलाइनच्या आसपास येतो, आणि मुख्य म्हणजे पेटी उघडून यंत्र चालवून बघता येतं. बाजाराला पाचपैकी चार. एक गुण कापला तो कच्च्या बिलांसाठी आणि फळीवर कोणता माल ठेवायचा हे ज्या हिशेबाने ठरतं त्यासाठी. तो हिशेब कराचा आणि मार्जिनचा आहे. तो कळला तर खरेदी चांगली होते, आणि आपल्याच शहरात तयार होणारी नवी उपकरणं या फळीपर्यंत का पोहोचत नाहीत तेही कळतं.

मरीन लाइन्सला उतरून पूर्वेकडे आलं की शामलदास गांधी मार्ग, म्हणजेच प्रिन्सेस स्ट्रीट, लागतो. पारसी डेअरी दिसली की तुम्ही बाजारात आहात. रविवार सोडून कधीही जा, पण सकाळी गेलेलं बरं. संध्याकाळी बाहेरगावच्या पार्ट्यांचा माल बांधायची घाई असते, तेव्हा एक नग घेणाऱ्याला यंत्र सुरू करून दाखवायला कोणाला सवड नसते. काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात: "घरासाठी की हॉस्पिटलसाठी?" आणि "पक्कं बिल लागेल का?" दुसऱ्याचं उत्तर नेहमी "हो" असंच द्या. कच्च्या बिलावर वाचलेले चारशे रुपये वॉरंटीच्या वेळी व्याजासकट जातात. पक्क्या बिलावर यंत्राचा सीरियल नंबर, एचएसएन कोड (कोणत्या मालाला कोणता कर हे ठरवणारा क्रमांक), जीएसटीचा दर आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा. उपकरणं विकणाऱ्याकडे औषधविक्रीचा परवाना किंवा एमडी-४२ ही नोंदणी असावी लागते. ती दाखवा म्हटल्यावर जो दुकानदार रागावतो, त्याच्याकडून घेऊ नका. पेटीवरही परवाना क्रमांक शोधा. देशी मालावर उत्पादनाचा, आयात मालावर आयातीचा म्हणजे एमडी-१५ चा. उपकरणांचे धोक्याच्या चढत्या क्रमाने अ ते ड असे वर्ग आहेत. अ आणि ब वर्गातल्या उपकरणांना परवाना १ ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीचा आहे (अ वर्गातली निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी सोडून, त्यांना नुसती नोंदणी पुरते), क आणि ड वर्गातल्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून. क्रमांकच नसेल तर पेटी खाली ठेवा.

आता भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून ९०१८, ९०१९ आणि ९०२२ या कोडांखालच्या उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्याही १२ वरून ५ वर आल्या. थर्मामीटर थेट १८ वरून ५ वर. रुग्णाच्या पलंगावर मात्र १८ टक्के राहिले. कर ७ टक्क्यांनी उतरला म्हणून एमआरपी ७ टक्क्यांनी उतरत नाही. शंभराची वस्तू ११२ ला होती ती १०५ ला झाली, म्हणजे घट ६.२५ टक्क्यांची. १,१२० छापलेला पट्ट्यांचा डबा १,०५० ला पडायला हवा, २३६ छापलेला थर्मामीटर २१० ला. जुन्या छापाच्या मालावर नवं लेबल लावायची सक्ती एनपीपीएने, म्हणजे किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाने, केली नव्हती. उत्पादकाने सुधारित दरपत्रक पाठवायचं आणि दुकानाने त्या भावाने विकायचं, असं ठरलं. त्यामुळे जुना छाप दिसला तर "दरपत्रक दाखवा" असं सरळ म्हणायचं. "एमआरपीवर वीस टक्के सूट" ऐकून खूश होण्याआधी ती सूट जुन्या छापावर आहे की नव्या भावावर, हे विचारा.

ग्लुकोमीटर घेताना यंत्राचा भाव बघूच नका, पट्टीचा बघा. रोज दोन तपासण्या धरल्या तर महिन्याला ६० पट्ट्या. पट्टी २० रुपयांची धरली तर १,२०० रुपये, वर्षाला १४,४००. यंत्र आठशेचं असो की फुकट, कंपनीची कमाई पट्टीतच आहे. म्हणून या उपकरणातली बरीचशी कल्पकता दुसऱ्याची पट्टी आपल्या यंत्रात चालू नये यावर खर्च होते. अचूकतेची कसोटी आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाची: साखर १०० च्या खाली असेल तर १०० पैकी ९५ निकाल १५ मिलिग्रॅमच्या फरकात, १०० किंवा वर असेल तर १५ टक्क्यांच्या फरकात हवेत. पेटीवर किंवा माहितीपत्रकात हा उल्लेख शोधा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की मुंबईच्या पावसाळ्यात पट्ट्या बिघडतात आणि आकडे भलतेच येऊ लागतात. शंभर पट्ट्यांची डबी स्वस्त पडते, पण आठवड्यातून दोनदाच तपासणाऱ्याने पंचवीसचीच घ्यावी. बीपी मशीनबद्दल एवढंच: दंडाचा घेर मोजून जा. नेहमीचा कफ २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. जाड दंडावर तो लावला तर रक्तदाब उगाच जास्त दिसतो आणि गोळी वाढते. मोठा कफ वेगळा मिळतो, आणि तो या बाजारात हमखास मिळतो.

फळीवर काय मांडायचं हे कसं ठरतं, ते समजून घ्यायला २०२१ चा आदेश उपयोगी आहे. त्या जूनमध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आणि जुलैमध्ये पल्स ऑक्सिमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटरवर एनपीपीएने व्यापारी मार्जिनची ७० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. तोवर हे मार्जिन कॉन्सन्ट्रेटरमध्ये १९८ टक्क्यांपर्यंत आणि या पाच वस्तूंत ७०९ टक्क्यांपर्यंत जात होतं, असं प्राधिकरणाच्याच पाहणीत आढळलं. आदेश गरजेचा होता यात शंका नाही. त्याचं गणित असं होतं: डिस्ट्रिब्युटरला पडणारा भाव, त्यावर ७० टक्के, आणि त्यावर जीएसटी. भाव २५,००० असेल तर ४२,५०० आणि ५ टक्के कर धरून ४४,६२५. आता एखाद्याने डोकं चालवून तेच काम करणारं यंत्र १८,००० त बसवलं, तर एमआरपी ३२,१३० च्या वर जाणार नाही. रुग्णाचे साडेबारा हजार वाचले. पण मधल्या साखळीच्या वाट्याला १७,५०० ऐवजी १२,६०० च उरतात. जागा तेवढीच, दुरुस्तीची कटकट तेवढीच आणि सुटणारे पैसे ४,९०० नी कमी. मग दुकानदार तुमच्यापुढे कोणती पेटी ठेवेल? मर्यादा टक्क्यांत घातली की स्वस्त बनवणाऱ्याला साखळीत कोणी वाली उरत नाही. मर्यादा अशा रचनेची हवी की किंमत वाढेल तशी टक्केवारी उतरत जाईल. तोवर गिऱ्हाइकाने इतकं तरी करावं: दाखवलेल्या यंत्राखेरीज "यापेक्षा स्वस्त, परवाना असलेलं देशी कोणतं आहे?" असं स्वतःहून विचारावं. बऱ्याचदा ते आतल्या खोलीत असतं.

कॉन्सन्ट्रेटर घ्यायचाच असेल तर तपासणीला अर्धा तास काढा. यंत्राच्या पोटात झिओलाइट या खनिजाचे दाणे भरलेली दोन नळकांडी असतात. कॉम्प्रेसर हवा दाबून एकात सोडतो, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं, ऑक्सिजन पुढे जातो; तोवर दुसरं नळकांडं दाब सोडून रिकामं होतं. दर काही सेकंदांनी अदलाबदल होते आणि तो फुस्स आवाज ऐकू येतो. आवाजाची लय एकसारखी हवी. यंत्र १५ ते २० मिनिटं चालू द्या, मगच शुद्धता मोजा, आणि मोजताना प्रवाह पूर्ण ५ लिटरवर ठेवा. ९० ते ९६ टक्के आली पाहिजे. अ‍ॅनालायझर (शुद्धता मोजायचं यंत्र) चांगल्या दुकानांत असतोच. एक लिटरवर ९३ टक्के दाखवणारं यंत्र पाच लिटरवर निम्म्यावर येऊ शकतं. "१ ते ७ लिटर" लिहिलेल्या हलक्या, छोट्या यंत्रांच्या पेटीवर बारीक अक्षरात "३० ते ९० टक्के" असं छापलेलं असतं ते याचमुळे. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णासाठी असलं यंत्र घेऊन जाणं धोक्याचं आहे. ते दुकानात ठेवणंच चूक आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याची ओढ जास्त. दमट खोलीत महिनोन् महिने बंद पडलेल्या यंत्रात ओल शिरते, दाणे पाणी धरून बसतात आणि शुद्धता कायमची घसरते. कोविडनंतर वापरलेली यंत्रं बाजारात भरपूर आली, त्यातल्या कित्येकांचं हेच झालेलं असतं. म्हणून जुनं यंत्र घेताना तासांचा मीटर कमी आहे यावर समाधान मानू नका. कमी तास म्हणजे कदाचित दोन पावसाळे कोपऱ्यात पडून राहिलेलं. शुद्धता मोजा आणि तिच्यावरच ठरवा. विजेचाही हिशेब करा. साडेतीनशे वॅटचं यंत्र चोवीस तास चाललं तर दिवसाला ८.४ युनिट, महिन्याला २५२. घरचा वापर त्यात मिळवला की बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. २८० वॅटचं यंत्र दोन हजारांनी महाग असलं तरी बारमाही वापरात तेच परवडतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. जीएसटी ५ टक्के झाला, रुग्णाला स्वस्त पडलं, हे उत्तमच. रुग्णालयांनाही फायदा झाला: आरोग्यसेवेवर जीएसटी नसल्यामुळे उपकरणावर भरलेला कर त्यांना स्वतःच्या विक्रीवरच्या करातून वळता (वजा) करून घेता येत नाही, तो सरळ खर्चात जातो. मग पिळवटला कोण? जो लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सर्किट, सेन्सर, अ‍ॅडॉप्टर, डिस्प्ले १८ टक्क्यांनी घेतो आणि तयार उपकरण ५ टक्क्यांनी विकतो, तो छोटा उत्पादक. आकडे मांडून बघा. उपकरण १०,००० ला विकलं, त्यावर ५ टक्के म्हणजे ५०० कर. आत ५,००० चे सुटे भाग गेले, त्यावर ९०० कर आधीच भरलेला. चाचण्या, डिझाइन, वाहतूक अशा सेवा १,५०० च्या, त्यावर २७०. एकूण १,१७० भरले आणि ५०० वळते झाले, ६७० अडकले. परतावा मिळतो, पण जीएसटीच्या नियम ८९(५) च्या सूत्राने फक्त मालावरच्या कराचा. सेवांवरचा आणि यंत्रसामग्रीवरचा कर त्यात धरत नाहीत, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम ग्राह्य धरला. सूत्र लावलं की परतावा येतो सुमारे ५१५ रुपये. उरलेले १५५ खात्यात दिसतात, हाती कधीच येत नाहीत. १२ टक्के दर होता तेव्हा याच उपकरणावर १,२०० कर लागायचा, भरलेले १,१७० पूर्ण वळते व्हायचे आणि काहीच अडकायचं नाही. साच्याचंही तेच. प्लॅस्टिकच्या कवचाचा दहा लाखांचा साचा केला तर १ लाख ८० हजार कर जातो, आणि फक्त ५ टक्क्यांचाच माल विकणाऱ्याचे ते पैसे वळते व्हायला वावच नाही.

हजार नग विकणाऱ्याचे दीड लाख म्हणजे पुढच्या मॉडेलच्या विद्युतसुरक्षा चाचणीला बाजूला काढलेले पैसे असतात. परवान्याचं सरकारी शुल्क मुळात जड नाही. अ आणि ब वर्गासाठी जागेमागे ५,००० आणि उपकरणामागे ५०० रुपये. खरा खर्च चाचण्यांचा, आयएसओ १३४८५ या गुणवत्ता-मानकाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या माणसाचा, आणि रुग्णालयात चाचणी घेण्यात जाणाऱ्या वेळाचा. त्यातच ही गळती. दर पुन्हा वाढवा असं कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. सेवा आणि साचे परताव्याच्या सूत्रात घ्या, एवढीच मागणी आहे, आणि ती रास्त आहे.

अमेरिकेने याची दुसरी बाजू अनुभवली. तिथे २०१३ पासून वैद्यकीय उपकरणांवर २.३ टक्के कर लागला, तोही नफ्यावर नाही, विक्रीवर. तोट्यातल्या कंपनीने एक कोटीचा माल विकला तरी २ लाख ३० हजार भरायचे. २०१६ पासून तो स्थगित झाला, डिसेंबर २०१९ मध्ये रद्द झाला. एकूण उद्योगावर त्याचा परिणाम किरकोळ होता, असं अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन विभागाने मांडलं होतं, आणि मोठ्या कंपन्यांपुरतं ते पटतं. नफ्यात न आलेल्या छोट्या कंपनीला मात्र विक्रीवरचा प्रत्येक टक्का भांडवलातून द्यावा लागतो. आपल्याकडचे वरचे १५५ रुपये म्हणजे विक्रीवर दीड टक्क्याचा तसाच कर, फक्त तो कायद्यात त्या नावाने लिहिलेला नाही.

आयातीचं चित्र वेगळं. फेब्रुवारी २०२० पासून ९०१८ ते ९०२२ या कोडांखाली आयात होणाऱ्या, शुल्कातून माफी नसलेल्या तयार उपकरणांवर मूळ आयात शुल्काशिवाय ५ टक्के आरोग्य उपकर आहे. देशी उत्पादकाला त्याचा आडोसा मिळतो. पण आडोसा मिळाला म्हणून पेटीतलं सगळं देशी झालं असं नाही. "मेड इन इंडिया" लिहिलेल्या कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर आणि झिओलाइट कुठलं, ते विचारा. सुटा भाग परदेशातून यायचा असेल तर दुरुस्तीला महिना लागतो, आणि तोवर रुग्णाने करायचं काय?

किंमतबंदीने नव्या तंत्राचं काय होतं, याचं मोठं उदाहरण स्टेंटचं, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या नळीचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० आणि औषध सोडणाऱ्या स्टेंटला २९,६०० ची मर्यादा आली. त्याआधी औषधी स्टेंटला लाखाच्या वर मोजावे लागत. हजारो कुटुंबांचं कर्ज टळलं. हा निर्णय योग्यच होता. उणीव एवढीच की औषधी स्टेंटच्या जुन्या-नव्या सगळ्या पिढ्या आणि विरघळणारे स्टेंटही एकाच किमतीत बांधले गेले. अ‍ॅबटने आपले वरच्या श्रेणीतले स्टेंट बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली ती त्याच वर्षी. सुधारलेल्या स्टेंटला दोन हजारही जास्त मिळणार नसतील तर सुधारणेवर पैसा कोण लावेल?

पवईत मात्र तयारी आहे. आयआयटी मुंबईतलं बेटिक हे केंद्र राज्य सरकारच्या पाठबळावर उभं राहिलं आणि साध्या स्टेथोस्कोपला जोडून त्याला डिजिटल करणाऱ्या आयूसिंकसारखी उपकरणं तिथल्या कामातून आली. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनची ओरड असताना याच संस्थेत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या पुढाकाराने नायट्रोजनच्या प्लांटमधली कार्बनची चाळणी काढून झिओलाइट घातलं आणि ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन काढून दाखवला. ज्ञान कमी नाही. नमुना तयार झाला की पुढची दोन-तीन वर्षं पैसा पुरत नाही, तिथे गाडी अडते. संशोधनाच्या खर्चावर आयकरात पूर्वी दुप्पट वजावट मिळायची. एप्रिल २०१७ पासून ती दीडपट झाली, एप्रिल २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच. नफ्यातल्या कंपनीला संशोधनावर जास्तीचा रुपया लावायचं एक कारण कमी झालं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात नवउद्योगांना मिळणाऱ्या भांडवलावरचा एंजल टॅक्स गेला, हे चांगलं झालं.

उधारी हा आणखी एक फास. छोट्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर घेणाऱ्याला आयकरात त्या खर्चाची त्या वर्षी वजावट नाही, असा नियम २०२४ पासून आला. पण मुंबईतली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत, त्यांचं उत्पन्न मुळातच करमुक्त. त्यांना हा नियम बोचत नाही, आणि उधारी चार-चार महिने लांबते.

खरेदीकडे परत. बीपी मशीन, नेब्युलायझर, मास्क, मोठा कफ, कॉन्सन्ट्रेटर हे प्रिन्सेस स्ट्रीटलाच घ्या. अ‍ॅडॉप्टर आणि सेलसाठी पुढे लोहार चाळीत जा, तिथे निवड जास्त. मात्र अ‍ॅडॉप्टरचा व्होल्ट आणि अँपिअर जुन्यावरून उतरवून न्या आणि दोन्ही जुळल्याशिवाय घेऊ नका. पट्ट्या घराजवळच्या मेडिकलमधूनच बऱ्या, कारण मुदत जवळ आलेली डबी परत करायला मरीन लाइन्सला कोण जाणार! केईएम आणि टाटाच्या आसपास परळलाही दुकानं आहेत. घाईची वेळ असेल तर तिथे जा. कॉन्सन्ट्रेटरसोबत आतल्या इनटेक फिल्टरचे दोन जास्तीचे नग त्याच दिवशी घ्या आणि त्याच बिलात लिहून घ्या. मॉडेल बंद झालं की आधी तेच मिळेनासे होतात.